ओपनिंगचा जॉनर ठरवण्याआधी कुलूप कुठून लावलंय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाच्या चौघांना एका काल्पनिक, पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पहिली दोन मिनिटं, म्हणजे ओपनिंग, शूट करायची आहेत. कल्पना ठरली आहे: मेसचे डबे पोहोचवणारी एक मुलगी जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर येते आणि कालचा डबा दाराबाहेर तसाच पडलेला बघते. एकाला हॉरर हवाय, दोघींना थ्रिलर, चौथ्याला ‘काहीतरी सामाजिक’. सरांनी जॉनर (चित्रपटाचा प्रकार) आणि नॅरेटिव्ह टेक्निक (गोष्ट सांगण्याची पद्धत) आधी लिहून मागितलंय, आणि फ्लॅशबॅक (आधी घडलेलं मागे जाऊन दाखवणं), व्हॉइसओव्हर (चित्रावर वरून टाकलेला निवेदकाचा आवाज) की सिंगल टेक (कट न घेता सलग शूट) यावर गाडी अडली आहे.

कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. दाराबाहेर पडून राहिलेला डबा म्हणजे काय, हे पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेचं भाडं देऊन, राहिलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. पण तुमचं भांडण जॉनरवरून चाललंय असं मला वाटत नाही. खोलीच्या आत काय झालंय हे तुमच्यापैकी कुणीच ठरवलेलं नाही, आणि ते ठरवायचं टाळायला जॉनरची चर्चा फार सोयीची पडते. मी एडिटर आहे आणि अधूनमधून कार्यशाळा घेते, त्यामुळे विद्यार्थ्यांचं फुटेज बरंच बघण्यात येतं. धूर असतो, दार करकरत उघडतं, संगीत गडगडतं. मग मी विचारते, दाराआड काय आहे? तर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागतात. पूर्ण चित्रपट तुम्हाला करायचा नसला तरी त्याची गोष्ट शेवटापर्यंत ठाऊक हवी. चार ओळींत लिहा, पण लिहा. ती ठाऊक नसेल तर कोणता शॉट ठेवायचा आणि कोणता काढायचा हे एडिटला कशाच्या जोरावर ठरवणार?

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. तुमचे सर गुण कशाला देतात, तंत्राला की सोबतच्या लेखी विश्लेषणाला, हे तुम्हीच विचारून घ्या. विश्लेषणाला जास्त गुण असतील तर साधा, नीट समजावता येणारा जॉनर घेण्यात शहाणपण आहे. मुलीचं काम कोण करणार यावरही बरंच अवलंबून आहे. चेहऱ्यावर न बोलता काही दाखवू शकणारी मैत्रीण असेल तर वाट वेगळी, नसेल तर वेगळी. आणि जिना. खरोखरचा जुना, लाकडी कठड्याचा जिना मिळणार असेल तर तुमचं निम्मं काम झालं. टाइल्स आणि लिफ्टवाली सोसायटी मिळणार असेल तर हॉररवाल्या मित्राला जरा बाजूला घेऊन समजवा.

आता मुद्द्याकडे येते. तुमच्या सीनमध्ये दोनच वस्तू आहेत, डबा आणि दार. त्यांच्याबद्दल एकेक गोष्ट ठरवली की जॉनर बराचसा आपोआप ठरतो.

डबा भरलेला आहे आणि दाराला आतून कडी आहे. म्हणजे माणूस आत आहे आणि जेवत नाहीये. आजारी असेल, मेला असेल, लपला असेल. हा थ्रिलर होऊ शकतो, कौटुंबिक चित्रपटही होऊ शकतो. आता डबा भरलेला, पण दाराला बाहेरून कुलूप. म्हणजे माणूस न सांगता निघून गेला, किंवा कुणीतरी त्याला आत कोंडलंय. इथे रहस्यकथा सुरू होते. तिसरी शक्यता मला स्वतःला फार आवडते. बाहेरून कुलूप आहे, कुलपाला जळमट लागलंय, दाराच्या फटीत कित्येक दिवसांची वर्तमानपत्रं अडकली आहेत, आणि डबा मात्र रिकामा, घासूनपुसून स्वच्छ ठेवलेला आहे. हा हॉरर झाला. धूर नको, करकर नको. स्वच्छ स्टीलचा डबा आणि जळमट लागलेलं कुलूप एका फ्रेममध्ये आले की पुरे. आणि डबा अर्धा खाल्लेला, शेजारी मांजर मिशा चाटत बसलेलं, समोरच्या दाराच्या जाळीतून आजी बघतायत: झाली कॉमेडी सुरू.

ओपनिंगमध्ये जॉनर म्हणजे एवढंच असतं. ‘या जगात कोणत्या प्रकारच्या गोष्टी घडू शकतात’ हे प्रेक्षकाला लवकर आणि खात्रीने सांगायचं. काळोखी कलर ग्रेडिंग (शूटनंतर चित्राचे रंग बदलणं) आणि चढं संगीत हे त्यानंतरचं काम. विद्यार्थी ते आधी करतात, कारण ते लॅपटॉपवर बसून करता येतं.

नॅरेटिव्ह टेक्निकचंही तसंच आहे. फ्लॅशबॅक, व्हॉइसओव्हर, पॅरलल कटिंग (दोन ठिकाणचे प्रसंग आलटूनपालटून दाखवणं) ही नावं बाजूला ठेवा आणि एकच विचारा: या क्षणी प्रेक्षकाला जास्त ठाऊक आहे, मुलीला जास्त ठाऊक आहे, की दोघांना सारखंच? तुमचाच सीन घेऊन बघू.

दोघांना सारखंच ठाऊक आहे असं धरलं, तर कॅमेरा मुलीला सोडून कुठेही जात नाही. ती जिना चढते तेव्हा आपण चढतो, डबा ती बघते तेव्हाच आपल्याला दिसतो. आतला एकही शॉट नाही. रहस्यकथा अशी चालते. ही सरळ वाट आहे, पण दोन मिनिटांत एक अडचण येते. पहिलं दीड मिनिट काहीच घडत नाही आणि मग एक डबा दिसतो. त्यामुळे चढण्याच्या भागात काहीतरी घालावं लागतं, खालच्या मजल्यांवरचे डबे, कुणाचं बोलणं, कुणाची थकलेली बिलं. म्हणजे संवाद आले, आणखी नट आले.

प्रेक्षकाला जास्त ठाऊक आहे असं धरलं, तर पहिला शॉट आतला. दाराला पाठ लावून बसलेला एक माणूस, श्वास रोखून. आपल्याला त्याचा चेहराही नीट दिसत नाही. मग कट करून खाली: मुलगी गुणगुणत पहिली पायरी चढते. आता त्याच जिन्याला धार येते, कारण वर काय आहे हे आपल्याला माहीत आहे आणि तिला नाही. याचं सगळ्यांना शिकवलं जाणारं उदाहरण म्हणजे ऑर्सन वेल्सच्या 1958 च्या ‘टच ऑफ ईव्हल’ची सुरुवात. बॉम्बचा टायमर फिरवून तो गाडीच्या डिकीत ठेवला जातो आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ, एकही कट न घेता, कॅमेरा ती गाडी आणि शेजारून पायी चाललेलं एक जोडपं यांच्या मागे फिरत राहतो. गर्दी, बकऱ्या, सीमेवरचा पहारा, सगळं अगदी साधं. पण बॉम्ब आपण पाहिलेला असतो. बॉम्बचा शॉट नसता तर त्या गर्दीकडे कुणी श्वास रोखून बघितलं नसतं. तुमच्या ग्रुपमधल्या सिंगल टेकवाल्याने हे ध्यानात घ्यावं.

तिसरी शक्यता बहुतेक ग्रुप विचारातच घेत नाहीत, आणि तुमच्यासाठी मला तीच योग्य वाटते: मुलीला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती वर येते. कालचा डबा बघते, पण दचकत नाही. जिन्यात खालीवर बघते. दार वाजवत नाही. खाली बसून डबा उघडते, भाजी-आमटी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतते, पोळ्या कागदात गुंडाळून त्याच पिशवीत टाकते, बोळातल्या नळावर डबा विसळते आणि आपल्या पिशवीत ठेवते. आजचा भरलेला डबा दाराशी मांडते. तेवढ्यात फोन वाजतो. ‘हो काकू, दिला. हो, कालचा संपवला त्यांनी. आवडली म्हणाले भाजी.’ आणि ती जिना उतरायला लागते.

एवढंच. दार उघडलं नाही, आतलं काही दाखवलं नाही, पण बघणाऱ्याच्या डोक्यात आता तीन-चार प्रश्न आहेत. ही का लपवतेय? कधीपासून चाललंय? आतला माणूस जिवंत आहे का? काकूंना कळलं तर काय? ओपनिंगने एवढंच करायचं असतं. शिवाय खर्च बघा: एक नटी, एक जिना, दोन डबे, फोनवरचा एक आवाज. तोही नंतर डब होईल, किंवा काकूंचं बोलणं ऐकवायचंच नाही, तिच्या बाजूचं तेवढं पुरतं.

आता तुमच्या ‘सामाजिक’वाल्या मित्रासाठी. वरच्या सीनमध्ये एकच कृती बदला. भाजी पिशवीत ओतताना तिचा हात थांबतो. ती पायरीवर बसते आणि त्या डब्यातली कालची गार पोळी पटापट, उभ्या जिन्यात कुणी यायच्या आत खाऊन टाकते. बाकी सगळं तसंच, फोनसुद्धा तोच. आता हा थ्रिलर राहिला नाही. आतल्या माणसापेक्षा ही मुलगी महत्त्वाची झाली, आणि खोटं बोलण्यामागे भूक आली. एकाच लोकेशनवर, त्याच नटीकडून दोन्ही शेवट करून घेता येतील. दोन्ही शूट करा आणि एडिटला बघा कोणता टिकतो. फक्त दोन्ही एकत्र ठेवू नका. थोडी पोळी खाते, थोडं लपवते, वर दाराआडून खोकल्याचा आवाज, असं केलंत की प्रेक्षकाला कशाची काळजी करायची तेच कळत नाही. जॉनर मिसळता येतात, मोठे लोक मिसळतातही, पण त्यांच्याकडे पुढचे दोन तास असतात. तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत.

फ्लॅशबॅकबद्दल माझं मत जरा कडक आहे. मागे जायला आधी ‘आत्ता’ उभा असावा लागतो, आणि दोन मिनिटांच्या ओपनिंगमध्ये तो उभा राहायलाच पाऊण मिनिट जातं. रक्ताने माखलेला हात, मग काळा पडदा, ‘सहा महिन्यांपूर्वी’ अशी पाटी, मग हसतंखेळतं कॉलेज: हा साचा दरवर्षी येतो. तो का वापरला जातो तेही मला कळतं. पुढचा साधा सीन कंटाळवाणा होईल अशी भीती असते, म्हणून आधी रक्त दाखवून ठेवायचं. साधा सीन कंटाळवाणा असेल तर तोच दुरुस्त करा. फ्लॅशबॅक कधी चालतो? शेवट आधी सांगितल्यामुळे प्रश्नच बदलतो तेव्हा. बिली वाइल्डरच्या 1950 च्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये स्विमिंग पूलमध्ये तरंगणारं प्रेत सुरुवातीलाच दिसतं आणि त्या मेलेल्या माणसाचाच आवाज गोष्ट सांगायला लागतो. तो मरणार का, हा प्रश्नच निकालात निघतो; उरतं ते इथवर आला कसा.

त्या चित्रपटाची मूळ सुरुवात वेगळी होती, आणि जॉनरवर भांडणाऱ्यांनी ती ऐकावी. आधी शवागारातला प्रसंग शूट केला होता, तिथे प्रेतं एकमेकांशी गप्पा मारतात आणि त्यातलं एक आपली कहाणी सांगतं. प्रिव्ह्यूला, म्हणजे प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळाला, लोक हसले. वाइल्डरने तो प्रसंग काढून टाकला. टेक्निक तेच राहिलं, मेलेला माणूसच बोलतोय, पण शवागारात ती कॉमेडी वाटली आणि पाण्यावर तरंगताना वाटली नाही. म्हणून ‘व्हॉइसओव्हर वापरू का’ असं विचारून भागत नाही. कुणाचा आवाज, कोणत्या चित्रावर आणि कोणत्या सुरात, हे सगळं मिळून जॉनर बनतो.

विद्यार्थ्यांच्या कामात व्हॉइसओव्हर बहुतेक वेळा एडिटच्या टेबलावर जन्माला येतो. शूट झालेलं समजत नाही, मग ‘मी रमा, माझं आयुष्य त्या दिवसानंतर बदललं’ असं वरून चिकटवतात. माझी कसोटी सोपी आहे. आवाज बंद करून चित्र बघा. आवाज जे सांगतो तेच चित्रात दिसत असेल तर आवाज नको. चित्रात काहीच कळत नसेल तर सीन नव्याने लिहा. आवाज चित्राच्या विरुद्ध बोलत असेल तरच तो कामाचा. वरचा फोन बघा, तिच्या हातांनी आत्ताच भाजी ओतून टाकलीय आणि तोंड म्हणतंय ‘आवडली म्हणाले’. तो व्हॉइसओव्हर नाही, सीनमधलाच आवाज आहे, पण निवेदनाचं काम करतो. असे सीनमधले निवेदक शोधायची सवय लावा. 2016 चा ‘सैराट’ सुरू होतो तो गावच्या क्रिकेट सामन्याने, आणि मैदानावरचा कॉमेंटेटर माइकवरून बोलत असतो. निवेदक झाला, गावाचा बाज आला, हसूही आलं, आणि वरून कुणाचा आवाज टाकावा लागला नाही.

चौथा एक मोह तुमच्या प्रश्नात नाही पण चर्चेत नक्की निघेल: गोष्टीशी वरवर संबंध नसलेल्या दृश्याने सुरुवात. श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (2018), तोही पुण्यातच घडणारा, कोबीच्या शेतातला एका डोळ्याने आंधळा ससा आणि त्याच्यामागे लागलेला बंदूकवाला यांनी सुरू होतो. त्या सशाचा हिशेब शेवटाकडे लागतो. तुम्ही शेवट शूटच करणार नाही, म्हणजे ससा नुसता पळत राहील. हे टाळा.

सिंगल टेकला माझा विरोध नाही, पण जिन्यात तो अवघड आहे. खालच्या मजल्यावर अंधार, वर गच्चीच्या दारातून ऊन. फोन आपोआप एक्स्पोजर (चित्र किती उजळ घ्यायचं ते) बदलत राहतो आणि ते बदलणं पडद्यावर दिसतं. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करून आधी एकदा नुसतं चढून बघा. आणि मधला एखादा तुकडा फसला तर कट करून वाचवता येत नाही. माझं मत विचाराल तर जिना तीन शॉट्समध्ये उरका आणि राखलेला वेळ दारासमोरच्या बसण्यावर खर्च करा. तिथे कट कमी ठेवा. तिचे हात, नळ, पिशवीला मारलेली गाठ हे सगळं पूर्ण बघायला मिळालं पाहिजे, कारण ती हे पहिल्यांदा करत नाहीये हे तिच्या हातांच्या सफाईवरूनच कळणार आहे. नटीकडून हा भाग कॅमेरा न लावता बऱ्याचदा करून घ्या.

शूटिंगच्या दोन-तीन गोष्टी, ज्या जॉनरशी थेट जोडलेल्या आहेत. फोन सहसा सेकंदाला 30 फ्रेम्सवर असतो; आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. 25 फ्रेम्स आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, बहुतेक वेळा ते पट्टे जातात. मॅन्युअल सेटिंग देणारं कुठलंही कॅमेरा अ‍ॅप चालेल. संध्याकाळचा निळसर उजेड हवा असेल तर तो वीसेक मिनिटंच टिकतो, म्हणजे त्यात फार तर इमारतीबाहेरचा एखादा शॉट होईल. आतलं सगळं दुपारी, खिडकीला कापड लावून करा.

आणि आवाज. थ्रिलर आणि हॉरर दोन्ही आवाजावर उभे असतात आणि विद्यार्थी तोच शेवटी आठवतात. डब्याची कडी उघडल्याचा खटका, जिन्यात घुमणारा नळ, चपला, हे सगळं शूट संपल्यावर त्याच जागी दुसरा फोन अगदी जवळ धरून वेगळं रेकॉर्ड करा. सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसत्या जिन्याचाही आवाज घ्या. कट्सखाली पसरायला तो लागतोच. संगीत मी तुमच्या जागी घेणारच नाही. रिकाम्या जिन्यात स्टीलचा डबा फरशीवर टेकल्याचा आवाज पुरेसा भीतीदायक असतो.

भांडण मिटवायचं तर असं करा. लोकेशनची रेकी करायला, म्हणजे जागा आधी बघून यायला, जाल तेव्हा चौघांनी आपापल्या जॉनरप्रमाणे डब्याचा आणि दाराचा भाग फोनवर शूट करा. नट नको, तुमच्यातलंच कुणी चालेल. ढोबळ कट करा आणि गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या दोघा-तिघांना दाखवा. ‘कसं वाटलं’ विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. विचारा, ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ ज्याच्या तुकड्यावर लोकांची उत्तरं एकाच दिशेची, पण थोडी वेगवेगळी येतात, तो जॉनर घ्या. उत्तरंच आली नाहीत तर तुकडा मोघम आहे. सगळ्यांनी अगदी एकच उत्तर दिलं तर तुम्ही जास्त सांगून बसलायत.

सरांना लिहून द्यायचा मजकूर साधारण असा होईल, तुमच्या शब्दांत बदला: ‘जॉनर: थ्रिलर. मुख्य पात्राला, म्हणजे मुलीला, प्रेक्षकापेक्षा जास्त माहिती आहे आणि ती माहिती मुलगी लपवते. कथन सरळ काळक्रमाने, एकाच जागी, मुलीच्या सोबत. खोलीच्या आतलं काहीही दाखवलेलं नाही. निवेदक नाही, फोनवरचं खोटं आणि चित्रातली कृती यांच्यातला विरोध निवेदनाचं काम करतो. फ्लॅशबॅक घेतला नाही, कारण प्रश्न “आधी काय झालं” हा नसून “ही का लपवतेय” हा आहे.’ यावर तोंडी परीक्षेत कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर देता येईल, कारण प्रत्येक निवडीमागे कारण आहे.

राहता राहिलं टायटल, म्हणजे चित्रपटाचं नाव आणि श्रेयनामावली कुठे टाकायची. ‘टच ऑफ ईव्हल’चा तो लांब शॉट 1958 मध्ये लोकांनी पाहिला तेव्हा त्याच्यावर नावं चालली होती आणि खाली हेन्री मॅन्सिनीचं संगीत होतं. हे दोन्ही वेल्सला नको होतं. स्टुडिओला त्याने लिहिलेल्या लांबलचक टिपणाच्या आधाराने 1998 मध्ये चित्रपट पुन्हा संपादित झाला, तेव्हा नावं काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या बारमधले, गाड्यांच्या रेडिओवरचे आवाज आले. शॉट तोच, पण आता गाडीवरची नजर हटत नाही. तुम्हीही तिच्या हातांवर काही लिहू नका. ती फोन ठेवून जिना उतरते, फ्रेममध्ये नुसता नवा डबा आणि दार उरतं, तिथे चित्रपटाचं नाव येऊ द्या. तुमची चौघांची नावं मात्र शेवटी काळ्यावर टाका. सरांना ती तशीही माहीत आहेत.